धनी रणांगणावर, मालकीण मळ्यावर

आपल्या वऱ्हाडात आणि खानदेशात १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले होते. मुंबईत पैशाचा पूर आला. कंपनीवर कंपनी निघू लागली, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना झाल्या. आणि १८६५ साली भाव घसरले तसा तो सारा डोलारा खाली आला. शाळेत गुरुजी हा धडा शिकवतात तेव्हा त्याचे कारण एका वाक्यात सांगतात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून आपल्या कापसाला भाव आला.

वाक्य खरे आहे. पण शेतकऱ्याच्या मनात एक शंका यायला हवी. युद्ध सैनिक करतात. मग शेतातला कापूस का थांबला? उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली होती, हे एक कारण झाले. अन्नाची टंचाई पडल्यामुळे कापसाऐवजी मका पेरा, असे दक्षिणेतल्या सरकारांनी फर्मावले, हे दुसरे. जॉर्जिया संस्थानाने तर १८६२ च्या डिसेंबरात कायदाच केला, की शेतावर राबणाऱ्या एका माणसामागे तीन एकरांहून जास्त कापूस पेरायचा नाही. पण तिसरे एक कारण आहे, ते पुस्तकात सहसा नसते. मळ्यावरची सत्ता ज्या हातात होती तो हात युद्धावर गेला, आणि ज्यांच्या कष्टावर मळा चालला होता त्या माणसांनी ते नीट पाहिले. आज त्या मळ्यांवर काय घडले ते आपण बघू.

आधी मळा म्हणजे काय ते सांगतो. विहिरीवरचा, भाजीपाल्याचा मळा डोळ्यांपुढे आणू नका. दक्षिण अमेरिकेतला मोठा मळा म्हणजे शेकडो एकरांचे कापसाचे, तंबाखूचे किंवा भाताचे रान. मधोमध मालकाचे मोठे घर, आणि मागे लाकडी खोपट्यांची रांग. त्या खोपट्यांत आफ्रिकी वंशाचे गुलाम राहत. १८६० च्या शिरगणतीत अशा गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख भरली. हे मजूर नव्हते, सालदारही नव्हते. सालदार साल संपल्यावर दुसरे घर बघू शकतो. गुलाम हा कायद्याने मालकाची चीजवस्तू होता; बैलासारखा विकला जाई, गहाण पडे, वारसाहक्काने वाटला जाई. गुलाम बाईच्या पोटी आलेले लेकरू जन्मतःच मालकाचे. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी आणि लेक तिसऱ्याच्या ताब्यात, असे संसार लिलावात मोडत.

सगळेच मालक शेकडो गुलामांचे धनी नव्हते, हेही लक्षात ठेवा. गुलाम बाळगणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे पाचांहून कमी गुलाम होते. वीस किंवा त्याहून अधिक गुलाम असणारे आठांत एखादे. म्हणजे पुष्कळ ठिकाणी शेत मध्यम, मालक स्वतः रानात उभा राहणारा, आणि हाताखाली पाच-दहा गुलाम. आजची गोष्ट मुख्यतः अशाच शेतांची आहे.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. एकूण अकरा संस्थाने फुटून निघाली. गुलामगिरी टिकवणे हा त्यांच्या फुटण्याचा गाभा होता. आरंभी तरुण हौसेने गेले. युद्ध दोनचार महिन्यांत आटपेल असे वाटत होते. ते आटपले नाही. एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेच्या सरकारने सक्तीची भरती लावली. आधी १८ ते ३५ वयाचे पुरुष, त्याच सालच्या सप्टेंबरात ४५ पर्यंतचे, आणि १८६४ साली १७ ते ५० पर्यंतचे. लष्करी वयाच्या दर चार गोऱ्या पुरुषांमागे सुमारे तीन सैन्यात गेले. गावात राहिले कोण? म्हातारे, पोरे, जखमी होऊन परतलेले, आणि बायका.

आता सरकारपुढे पेच पडला. मळ्यावर गोरा पुरुष नसेल तर गुलामांना धाकात ठेवणार कोण? म्हणून ऑक्टोबर १८६२ मध्ये नवा नियम केला. ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा संताप झाला. युद्ध श्रीमंतांचे आणि मरण गरिबांचे, असे लोक उघड बोलू लागले. पुढच्या वर्षी सूट आखडली. एकटी बाई, अज्ञान मूल, वेडा इसम किंवा सैन्यात गेलेला माणूस ज्या मळ्याचा मालक असेल त्यालाच ती मिळू लागली, आणि तीही वर्षाला ५०० डॉलर भरून. म्हणजे पाहा, मळा चालवायला पुरुष लागतो तो नांगरासाठी नव्हे, तर दराऱ्यासाठी, असे सरकारनेच कायद्यात लिहून ठेवले. पण पाच, आठ, अकरा गुलाम असलेल्या घराला ही सूट नव्हती. तिथे मालक गेला, की सारे मालकिणीच्या गळ्यात.

ही मालकीण कशी होती? पुढे कथाकादंबऱ्यांनी तिचे एक गोड चित्र रंगवले. रेशमी घोळाचा झगा, हातात पंखा, बोलणे मृदू, गुलामांवर आईसारखी माया. ते चित्र खरे मानू नका. घराच्या, कोठीच्या आणि धान्याच्या चाव्या तिच्या कमरेला असत. स्वयंपाकघरातल्या, मुले सांभाळणाऱ्या, धुणे धुणाऱ्या गुलाम बायकांवर तिची रोजची हुकमत असे, आणि हात उगारायलाही ती मागेपुढे पाहत नसे. पुष्कळ बायकांच्या स्वतःच्या नावावर गुलाम होते. मुलीच्या लग्नात आपण भांडीकुंडी, दागिना देतो, तसे तिकडचे बाप मुलीला गुलाम आंदण देत. मिसिसिपी संस्थानाने १८३९ साली विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणारा कायदा केला. ऐकायला किती पुढारलेला! पण त्या कायद्याचा बहुतेक भाग गुलामांच्या मालकीविषयी आहे. एका स्त्रीचा हक्क म्हणजे दुसऱ्या स्त्रीची बेडी, असा तो मामला होता.

तरी पेरणी, नांगरट, कापसाच्या गाठी, व्यापारी, कर्ज आणि रानातल्या गुलामांवरचा चाबूक, हा कारभार नवऱ्याकडे किंवा मुकादमाकडे असे. तो एका दिवसात बायकोकडे आला.

टेक्सास संस्थानातल्या ग्राइम्स परगण्यात लिझी नेब्लेट नावाची अशी एक बाई होती. तिचा नवरा विल १८६३ साली सैन्यात गेला. तिचे वय तिशीच्या घरात, पदरी पाच लेकरे, त्यांतले एक त्याच वर्षी जन्मलेले, आणि शेतावर ११ गुलाम. तिने नवऱ्याला लिहिलेली आणि नवऱ्याने तिला लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली आहेत. मळ्यावर आतून काय चालले होते ते या पत्रांत दिसते.

प्रथम तिला वाटले, जमेल. नवरा पत्रातून सल्ला देई. ही कळवी काय पेरले, काय राहिले. पण हळूहळू पत्रांचा सूर पालटतो. रानात माणसे आहेत, पण काम पुढे सरकत नाही. सांगितलेले होत नाही, आणि का झाले नाही म्हणून विचारले तर उत्तर मिळते किंवा मिळतही नाही. १८६३ च्या उन्हाळ्यात ती नवऱ्याला कळवते, की आपलेच गुलाम असे वागतात असे नाही, आसपासच्या सगळ्यांची हीच तऱ्हा आहे. उत्तरेची फौज येईल आणि आपण सुटू या आशेवर ते आहेत, आणि कुणी मारायला उठला तर मार खायला नकार देतात. नुकतेच, ४ जुलै १८६३ ला, मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग उत्तरेने जिंकले होते. टेक्सासच्या रानात ती बातमी कुणी जाहीर वाचून दाखवली नसणार. पण तिचा परिणाम मालकिणीच्या अंगणापर्यंत पोचला होता.

मग तिने काय केले? शेजारच्या मळ्यावर मायर्स नावाचा मुकादम होता. आठवड्यातले काही अर्धे दिवस आपल्याकडे येऊन गुलामांना वळण लावायचे, असा तिने त्याच्याशी ठराव केला. वळण म्हणजे चाबूक. सॅम नावाच्या गुलामाने मार घ्यायला नकार दिला आणि तो पळाला. परत हाती लागल्यावर मायर्सने त्याला इतके मारले, की त्याच्या जिवाचे बरेवाईट होते की काय, अशी धास्ती मालकिणीलाच वाटली. याविषयीच्या तिच्या पत्रांत दया आहे, भीती आहे, आणि सॅम मेला तर केवढ्याला पडेल हा हिशेबही आहे. ही तिन्ही एकाच कागदावर! चाबूक तिने स्वतःच्या हाताने उगारला नाही, भाड्याने आणला. पण सॅमच्या पाठीला त्याने काय फरक पडणार?

आणि एवढे करून शेत सुधारले का? नाही. पुढच्या वर्षी ती नवऱ्याला लिहिते, की पुरुषाचे हे काम करून मी अगदी वैतागून गेले आहे.

कुणी म्हणेल, बिचारीची दया येते हो. घरधनी पलटणीत गेल्यावर शेत सांभाळणारी बाई आपल्यालाही परकी नाही, आणि तिचे कौतुक करावे तितके थोडे. म्हणून इथे जरा थांबून विचार करू. आपल्याकडची ती बाई पहाटे उठून स्वतः रानात राबते. मजूर लावला तर त्याला रोज देते. आणि मजूर आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विनवते. लिझी नेब्लेटची अडचण निराळी होती. ज्यांना ना मजुरी ना घरी जायची मुभा, त्यांनी फुकट राबावे, आणि आनंदाने राबावे, अशी तिची अपेक्षा होती. तिला शेती येत नव्हती म्हणून तिचा कारभार फसला असे म्हणता येत नाही. ती व्यवस्थाच धाकावर उभी होती, आणि धाक आता विरळ झाला होता. हेच काम नवरा करी तेव्हा त्यातला चाबूक तिला घरातून दिसत नसे, किंवा दिसूनही तिने पाहिले नसेल. आता तो तिला स्वतः मागवावा लागला, एवढेच.

आता पलीकडच्या बाजूने बघू. खोपट्यांतल्या माणसांना काय दिसत होते?

त्यांना दिसत होते, की रात्रीची गस्त बंद पडत चालली. पूर्वी परवान्याशिवाय कुणी गुलाम रस्त्यावर सापडला तर गोऱ्यांची गस्त त्याला धरून फटके मारी. गस्त घालणारेच आघाडीवर गेले. त्यांना दिसत होते, की मीठ मिळत नाही, चामडे मिळत नाही, कापड मिळत नाही, आणि बाईसाहेब अडगळीतला चरखा काढून सूत कातताहेत. जेवणाच्या टेबलाशी वाढणारी गुलाम मुलगी युद्धाच्या बातम्या कान देऊन ऐके आणि रात्री खोपट्यांत सांगे. वाचायला शिकणे गुलामांना बहुतेक दक्षिणेत कायद्याने बंद होते. पण कानावर कायदा कोण लावणार?

मग एक अबोल सौदेबाजी सुरू झाली. काम हळू होऊ लागले. नांगराचा फाळ नेमका मोडू लागला. रविवार आणि रात्र आमची, आमच्या परसातली भाजी आमची, असे हक्क न विचारता घेतले जाऊ लागले. कित्येक मालकिणींनी ते निमूट चालू दिले, कारण दुसरा इलाजच नव्हता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३५ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात या सगळ्याला सार्वत्रिक संप म्हटले. ना झेंडा, ना सभा, ना पुढारी, पण संपच.

आणि ज्यांना जमले ते चालू लागले. युद्ध सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. १८६१ च्या मे महिन्यात व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउन्सेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर पोचले. मालकातर्फे एक अधिकारी त्यांना परत मागायला आला. किल्ल्याचे सेनापती बटलर वकील होते. ते म्हणाले, तुम्ही आमचे शत्रू आहात आणि ही माणसे तुमची मालमत्ता आहे असे तुम्हीच म्हणता. मग शत्रूची मालमत्ता आम्ही युद्धाचा माल म्हणून जप्त केली! माणसाला माल म्हणणारा कायदा असा उलटा फिरला. जुलै संपेपर्यंत त्या किल्ल्यावर सुमारे ९०० माणसे जमली, त्यांत बायका-मुलेही होती. लोक पायांनी आधी आले; कायदा मागून आला. १ जानेवारी १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर प्रदेशांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली, तेव्हा हजारो जण आधीच निघून आलेले होते.

नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने साउथ कॅरोलिनातल्या पोर्ट रॉयलजवळची बेटे घेतली. तिथले मळेवाले कुटुंबकबिल्यासह पळाले. गुलामांनीही बरोबर चला, असा त्यांचा हुकूम होता. सुमारे १०,००० माणसे गेलीच नाहीत. रानात लपली आणि तिथेच राहिली. जून १८६३ मध्ये त्याच संस्थानातल्या कंबाही नदीवर हॅरिएट टबमन या स्वतः गुलामीतून निसटलेल्या बाईने लष्कराच्या बोटींना वाट दाखवली, आणि एका रात्रीत सातशेंहून अधिक माणसे मळ्यांतून सुटली. बायका डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन नदीकाठी धावल्या.

शिक्षक बंधुभगिनींनी सुझी किंग टेलर हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. १८४८ साली जॉर्जियात गुलामीत जन्मलेली ही मुलगी. आजीने तिला चोरून शिकायला पाठवले. पुस्तके कागदात गुंडाळून न्यायची, म्हणजे वाटेत कुणाला दिसू नयेत. एप्रिल १८६२ मध्ये ती काकांच्या कुटुंबाबरोबर उत्तरेच्या ताब्यातल्या बेटावर पोचली, आणि १४ वर्षांच्या वयात तिथे शाळा चालवू लागली. दिवसा मुले, रात्री मोठी माणसे. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत तिने कपडे धुतले, जखमींची शुश्रूषा केली आणि सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवले. १९०२ साली तिने आपल्या आठवणी छापल्या. उत्तरेच्या फौजेत एकूण सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांतले बहुसंख्य गुलामीतून आलेले होते. ज्यांना धाकात ठेवण्यासाठी एकेका मळ्यावर गोरा पुरुष मागे ठेवायचा होता, तेच बंदूक घेऊन समोर उभे राहिले.

मालकिणींच्या मनातल्या भीतीविषयीही सांगायला हवे. सप्टेंबर १८६१ मध्ये साउथ कॅरोलिनात बेट्सी विदरस्पून नावाच्या वृद्ध मालकिणीचा तिच्याच घरातल्या गुलामांनी जीव घेतला. ती सौम्य मालकीण म्हणून ओळखली जाई. तिची नातलग मेरी चेस्नट हिने आपल्या रोजनिशीत या घटनेविषयी लिहिले आहे. आतापर्यंत घरातल्या माणसांची भीती न वाटणाऱ्या बायका आता रात्री दाराकडे बघू लागल्या, हे त्या पानांवरून कळते. पण जे व्हायला हवे होते अशी त्यांना धास्ती होती, ते झाले नाही. घरोघर कत्तली झाल्या नाहीत. चार वर्षे बहुतेक मळ्यांवर एकेकटी बाई आणि तिची मुले होती, आणि सूड घ्यायला कारणे तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती.

का झाले नाही? युद्ध संपल्यावर जुन्या मालकांनी याचे एक सोयीचे उत्तर तयार केले. ते म्हणाले, बघा, आमचे गुलाम किती इमानी! १८९४ साली दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांनी आपली संघटना काढली. तिने पुतळे उभारले, शाळेची पुस्तके तपासली, आणि इमानी गुलामाची व प्रेमळ मालकिणीची कहाणी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळी उतरवली. पण श्रोतेहो, जे इमानी होते ते कुमक दिसताच हजारोंनी निघून कसे गेले? खरे असे, की सुटकेची वाट शेतातूनच जात होती. त्यासाठी रक्त सांडायची गरज नव्हती. आणि जे राहिले त्यांचीही कारणे होती. म्हातारी आई चालू शकत नाही. लेकरू दुसऱ्या मळ्यावर आहे, ते सोडून कसे जायचे. लष्कराच्या छावण्यांत रोगराईने माणसे पटापट मरत होती. शिवाय अनेक मालकांनी उत्तरेची फौज जवळ येताच गुलामांना हाकत दूर टेक्सासकडे नेले. थांबणे म्हणजे मान्य असणे, असे नव्हे.

इकडे मालकिणींनी सरकारकडे पत्रांचा भडिमार केला. माझा नवरा परत पाठवा, निदान मुकादमाला तरी भरतीतून सोडा, अशा विनंत्या गव्हर्नरांकडे आणि युद्धखात्याकडे ढिगांनी जात. ज्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता अशा गरीब गोऱ्या बायकांची दैना तर फारच होती. २ एप्रिल १८६३ ला राजधानी रिचमंडमध्ये शेकडो भुकेल्या बायकांनी भाकरीसाठी दुकाने फोडली. घरून येणारी पत्रे वाचून सैनिक पलटण सोडून परतू लागले. दक्षिणेचे युद्ध रणांगणावर हरले हे खरे. पण ते रानात आणि स्वयंपाकघरातही हरत होते. १८६१ साली अमेरिकेत सुमारे ४५ लाख गाठी कापूस झाला होता. १८६४ साली तो सुमारे ३ लाखांवर आला. आपल्याकडच्या तेजीचे मूळ या आकड्यांत आहे, आणि त्या आकड्यांत सॅमसारख्यांनी खाली टाकलेला नांगरही आहे.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शरणागती दिली. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टन इथे १९ जूनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला. तो दिवस २०२१ पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन साऱ्या देशात गुलामगिरी बंद झाली. पुष्कळ मालकिणींना आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवावी लागली, आणि त्यांनी त्याचे दुःख रोजनिशीत लिहून ठेवले. सुटलेल्या बायकांनी काय केले? कित्येक जणी विकल्या गेलेल्या लेकरांच्या शोधात निघाल्या. हरवलेल्या माणसांच्या जाहिराती पुढे कितीतरी वर्षे वर्तमानपत्रांत येत राहिल्या. कित्येक जणींनी दुसऱ्याच्या रानात पहाटेपासून अंधारापर्यंत राबायचे नाकारले आणि स्वतःच्या घराला वेळ दिला. त्यावर जुने मालक म्हणाले, या आळशी झाल्या. स्वतःच्या मुलाला स्वतः जेवू घालणे हा आळस!

सगळे संपले आणि सुखाचे दिवस आले, असे मात्र नाही. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. बटाईने कसणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज चढत गेले. मताचा हक्क मिळाला तो पुढे हिरावला गेला. ती कहाणी वेगळ्या भाषणाची आहे.

या गोष्टीचा आपल्याशी जुना धागा आहे, तो कापसापुरताच नव्हे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांच्यापासून आपल्या देशबांधवांनी धडा घ्यावा, ही त्यामागची इच्छा होती. मुंबईच्या बाजाराने त्या युद्धात कापसाचा भाव पाहिला. पुण्याच्या फुल्यांनी माणसाच्या सुटकेकडे पाहिले.

तेव्हा गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. यादवी युद्धाचा धडा शिकवताना लढायांची आणि सेनापतींची नावे सांगाच. पण वर्गात एक प्रश्नही टाका. धनी युद्धावर गेल्यावर मळा कोण चालवत होते? मुले म्हणतील, मालकीण. मग पुन्हा विचारा. तिच्या हाती चाव्या होत्या. पण रानात वाकलेले कोण होते? आणि ज्या दिवशी ती माणसे सरळ उभी राहिली, त्या दिवशी त्या चाव्यांचे काय झाले? बाईने संकटात कारभार सांभाळला म्हणून तिचे कौतुक करताना, तिने सांभाळले काय, हेही विचारायला मुलांना शिकवा. सॅमच्या हातचे पत्र आपल्यापाशी नाही. त्याची हकीकत आपल्याला कळते ती त्याला मार देवविणाऱ्या बाईच्या पत्रांतून. ती वाचताना त्याच्या बाजूने वाचणे एवढे तरी आपल्या हाती आहे.